रंगनाथ सरांची डावी बाजू

लेकीचा, म्हणजे संस्कृतीचा, एक पेशंट ऐनवेळी पळाला आणि तिथून रंगनाथ दहातोंडे सरांच्या तोंडाचे हाल सुरू झाले.

पळाला म्हणजे त्याचं लग्न ठरलं. लग्नाच्या फोटोत जावयाच्या दातांवर तारा दिसायला नकोत, असं होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं पडलं, आणि सासूबाईंपुढे विज्ञानाचं काय चालणार? संस्कृती नगरजवळच्या एका डेंटल कॉलेजात वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या विषयात एमडीएस करत होती. शेवटचं वर्ष होतं. इतरांचे प्रबंध कपाटात असतात, हिचा पेशंटांच्या तोंडात होता. त्यातलं एक तोंड कमी झालं, तर परीक्षा पुढच्या सत्रावर जाईल, असं तिच्या गाईड मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं.

हे सगळं तिने भिंगारच्या घरी, पिठलं-भाकरीच्या ताटावर सांगितलं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून सरांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि विषय समजून घेतला. विषय असा होता. दात सरळ करायला प्रत्येक दातावर एक बारीक चौकोनी कडी चिकटवतात आणि सगळ्या कड्यांतून एक तार ओवतात. तार कड्यांत घासते, त्यामुळे दात हळू सरकतात. शिवाय कड्यांच्या कानाकोपऱ्यात जंतू ठाण मांडतात. त्या कड्यांवर पॉलिमरचा, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकचाच, डोळ्यांना न दिसणारा पातळ थर दिला, तर तार सुळकन सरकते का आणि जंतूंना बूड टेकायला जागा मिळते का, हे संस्कृती तपासत होती. त्यासाठी प्रत्येक पेशंटच्या एका बाजूला थराच्या कड्या, दुसऱ्या बाजूला साध्या. कुठली बाजू कुठली हे पेशंटलाही ठाऊक नाही आणि संस्कृतीलाही नाही. ते फक्त मॅडमना माहीत.

"पेशंट कसा लागतो?" सरांनी विचारलं.

"पन्नाशीच्या आतला. हिरड्या चांगल्या हव्यात आणि पुढचे दात पुढे आलेले किंवा दाटीवाटीचे हवेत. दोन्ही बाजूंची एकेक दाढ काढायची, मग त्या फटीत दात मागे सरकवायचे. त्याला कोण तयार होतंय?"

रंगनाथ सर भिंगारच्या एका हायस्कूलात पर्यवेक्षक होते. पन्नाशीला अजून अवकाश होता आणि त्यांचे पुढचे दात त्यांच्या आधी वर्गात शिरतात, असं पोरं म्हणायची. आडनावात दहा तोंडं आणि मुलीच्या अडचणीला एकही कामाचं नाही, हे काही त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

"मी देतो तोंड," सर म्हणाले. सीमेवर निघालेल्या माणसाचा आवाज त्यांनी लावला होता. आरतीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, कारण पुढे बरेच दिवस ती चावता येणार नव्हती.

पण सरकारी असो की खाजगी, आपल्याकडे स्वतःचे दातही कुणाला सहजासहजी देता येत नाहीत. आधी संमतिपत्र आलं. ते मराठीत होतं, असं कॉलेजचं म्हणणं होतं. 'प्रस्तुत अभ्यासात बहुवारिक लेपनाद्वारे जिवाण्विक आसंजनाचे न्यूनीकरण अपेक्षित असून' इथपर्यंत सर पोचले आणि त्यांच्यातला मराठीचा शिक्षक जागा झाला. त्यांनी लाल पेनाने सगळं संमतिपत्र तपासलं, समासात शेरे मारले आणि खाली 'भाषा सुधारा' असं लिहून परत पाठवलं. अशा प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कॉलेजच्या समितीच्या कारकुनाने सांगितलं की मंजूर झालेला मजकूर हाच आहे, सुधारलेला नामंजूर आहे. शेवटी, ज्यातलं एक वाक्य धड कळलं नव्हतं त्याच मजकुराखाली, 'मला वरील सर्व समजले आहे' असं लिहून सरांनी सही केली. नातेवाईक पेशंट चालेल का, यावर समितीची वेगळी बैठक झाली. चालेल, पण रोजचं खाणं-घासणं दोन्ही बाजूंनी अगदी सारखं ठेवायचं, अशी अट पडली.

दाढा निघाल्या, तारा बसल्या. पहिला आठवडा सरांनी ताक आणि भातावर काढला. त्यातलं ताक कपड्यांवर जास्त गेलं. शाळेत गेले तर आणखी वेगळीच तऱ्हा. दहावीच्या परीक्षेला सर वर्गात फिरू लागले की पोरांच्या बुटांतल्या चिठ्ठ्यांना घाम फुटायचा, असा त्यांचा दरारा होता. कॉपी हा शब्द ते अशा तोंडाने उच्चारत की ऐकणाऱ्याला न केलेली कॉपीही आठवावी. आता त्याच तोंडातून 'शांत बसा'च्या जागी 'फांत बफा' निघालं. वर्ग शांत बसला खरा, पण बाकाखाली डोकं घालून. मधल्या सुट्टीत तारावाल्या पोरांनी त्यांना आपल्यात घेतलं आणि तार टोचली तर मेण कुठे लावायचं, हे मोठ्या आपुलकीने समजावून सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं, कारण खरोखरच टोचत होती.

सरांच्या शेजारी सुभेदार सूर्यभान राहायचे. मूळ पाथर्डीकडचे, लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रणगाडे दुरुस्त करून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर भिंगारमध्ये रणगाडा दुरुस्तीला येत नाही, हे त्यांचं मोठं दुःख होतं. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी यांवर ते कशीबशी तहान भागवत. सरांच्या तोंडात यंत्र बसलंय म्हटल्यावर ते चष्मा पुसतच आले.

"दोन्ही बाजूंनी सारकं चावायचं म्हंता? मग सर, ते आपल्यावर सोडा," सुभेदार म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सर ओट्यावर नाश्त्याला बसले की समोर सुभेदार सावधानमध्ये उभे राहायचे. "बायें, दायें, बायें, दायें." सर उपमा चावायचे. गल्लीतून जाणारी माणसं क्षणभर थांबायची. दूधवाल्याची पावलंसुद्धा त्या तालावर पडू लागली होती.

पलीकडच्या घरातल्या बनुबाईंचं मत वेगळं होतं. बनुबाई उभा जन्म मिसरी घासत आल्या होत्या आणि तोंडात शिल्लक होते तेवढे दात त्यांनी डांबरासारखे काळे राखले होते. "रंगनाथा, चिमूटभर मिसरी लाव," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडात जंतू आला तर चक्कर यिऊन पडंल. त्यापायी कालेज कशाला पायजे?"

इथवर सगळं नियमाने चाललं होतं. बिघडलं ते सरांच्या मायेमुळे. मुलीचा प्रबंध आपल्या तोंडात आहे म्हटल्यावर तो पास झालाच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. थराची बाजू जिंकली पाहिजे आणि साधी बाजू हरली पाहिजे. आता थराची बाजू कुठली एवढं कळलं, तर माणसाला आपल्या परीने हातभार लावता येईल. चौथीत असताना संस्कृतीचा थर्माकोलचा किल्ला आपण रात्री जागून केला नव्हता का? त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्यांनी जीभ फिरवून पाहिली. दोन्ही बाजूंना सारखंच टोचलं. मग सुभेदारांना विचारलं.

"सोपं हाय," सुभेदार म्हणाले. "रनगाड्याच्या पट्ट्याला ग्रीस नसलं की त्यो बोलतो. तुमच्या तोंडात बी पट्टाच हाय. कोंती बाजू बोलती ते बघू." त्यांनी घरातून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणला. इंजिनात खडखड कुठून येते ते मेकॅनिक लोक असंच बघतात. टोक यंत्राला, मूठ कानाला. सुभेदारांनी टोक सरांच्या गालाला टेकवलं, मूठ आपल्या कानाला लावली, डोळे मिटले आणि दुधात बुडवलेला टोस्ट चावायचा हुकूम दिला. सर चावू लागले. गल्ली गप्प झाली. बनुबाईंनीही मिसरीचं बोट तोंडातून काढून हातात धरलं.

"उजवीकडून टकटक येती," सुभेदारांनी निकाल दिला. "डावी एकदम गप. कोटिंग डावीकडं हाय. शंभर टक्के."

सरांना हे शास्त्रीय वाटलं. आवाज म्हणजे घर्षण, हे तर आठवीच्या पुस्तकात आहे.

त्या दिवसापासून सरांच्या तोंडाची फाळणी झाली. डावीकडे पाहुण्यांची खोली, उजवीकडे गोठा. डावी बाजू ते मऊ ब्रशने, लहानशा ब्रशने, दोऱ्याने आणि मिठाच्या पाण्याने साफ करायचे. उजव्या बाजूकडे ब्रश फिरकायचा नाही. गोड काही आलं की ते उजव्या गालात ठेवायचं आणि पेपर वाचून होईपर्यंत चघळायचं. बर्फी, चिक्की, हुरड्याबरोबरचा गूळ, सगळ्यांची सोय उजवीकडे. गल्लीलाही हे काम आवडलं. मुलीच्या शिक्षणाला मदत आणि सरांना गोड, असं पुण्य भिंगारमध्ये रोज कुठे मिळतं? फक्त बनुबाईंना ते पटेना. "मुद्दाम घान ठेवायची, हे कोंतं शास्तर रं बाबा?" त्या विचारत राहिल्या.

आरतीबाईंनाही पटलं नव्हतं. "पोरीला विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

"तिला सांगायचं नसतं. आंधळा प्रयोग आहे हा."

"आंधळा आहे ते दिसतंयच," आरतीबाई म्हणाल्या आणि कुकरच्या शिट्ट्या मोजू लागल्या.

याला कॉपी म्हणायचं का, असा प्रश्न सरांना एकदा पडला होता. पण आपण उत्तर लिहीत नाही, नुसती पाटी पुसून ठेवतो आहोत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हेच स्पष्टीकरण एखाद्या पोराने दिलं असतं, तर त्याचे पालक दुसऱ्या दिवशी शाळेत हजर झाले असते.

होळी झाली आणि सुभेदार मढीच्या यात्रेला जाऊन आले. आता मढीला जाऊन कानिफनाथांची रेवडी न आणणारा माणूस पाथर्डीत जन्मायचा आहे. सुभेदारांनी पिशवी भरून आणली होती. तारांना चिकट आणि कडक दोन्ही वर्ज्य, आणि रेवडी ही दोन्ही असते. पण प्रसादाला नाही म्हणायचं कसं? सरांनी कपाळाला लावून मूठभर रेवडी उजव्या गालात भरली, दात घट्ट रोवले आणि मग काही केल्या जबडा उघडेना. सुभेदारांनी कोमट पाणी आणलं, बनुबाईंनी नाथांचा धावा केला. शेवटी जबडा उघडला तेव्हा रेवडी बाहेर आली आणि तिच्यात, तिळांच्या मधोमध, एक चौकोनी कडी चमकत होती.

"घाबरायचं काम न्हाई," सुभेदार म्हणाले. "माझ्याकडं पत्र्याला लावायचं चिकट हाय." इथे मात्र आरतीबाईंनी सरांचा हात धरला आणि त्यांना सरळ रिक्षात बसवलं.

कॉलेजात संस्कृती आणि मॅडम दोघी होत्या. सरांनी खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडलं. मॅडमनी दिवा खाली ओढला आणि छोटा आरसा आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरवला. डावीकडे दात असे लखलखत होते की त्या बाजूने कुणी कधी जेवलंच नसावं. उजवीकडे मढीची यात्रा अजून उठली नव्हती.

"दहातोंडे सर," मॅडमनी विचारलं, "उजव्या बाजूशी तुमचं काही भांडण झालंय का?"

सरांना वाटलं, निकाल लागला. "थराचा फरक आहे मॅडम," ते अभिमानाने म्हणाले. "डावीकडे थर, म्हणून डावी स्वच्छ."

"डावीकडे थर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

हा प्रश्न सरांच्या ओळखीचा होता. आजवर अनेक पोरांना त्यांनी तो याच आवाजात विचारला होता आणि पोरं त्यानंतर कशी बुटांकडे बघत राहतात, हेही त्यांना ठाऊक होतं. सर आडवे होते, त्यांना आपले बूट नीट दिसत होते. ते त्यांच्याकडे बघत राहिले.

"शेजारच्या सुभेदारांनी," ते अखेर म्हणाले. "स्क्रू ड्रायव्हर लावून."

मॅडमनी मास्क खाली केला. सगळं ऐकून घेतलं. मग सरांच्या उजव्या कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं. टकटक आवाज आला. "हा जबड्याचा सांधा वाजतो," त्या म्हणाल्या. "अनेकांचा वाजतो. कड्यांशी त्याचा काही संबंध नाही. आता तुम्ही अभ्यासातून बाद झालात, तेव्हा सांगायला हरकत नाही. थर उजवीकडे होता."

सर उठून बसले.

"एवढा गूळ खाऊनही उजवीकडे मानाने कमी चिकटलंय," मॅडम पुढे म्हणाल्या. "थर बिचारा एकटा लढत होता. पण हे मला कुठे लिहिता येणार नाही."

बाद झालेल्या माणसाच्या तारा निघत नाहीत, ही त्यातली आणखी एक मेख होती. दाढा काढलेल्या, फटी उघड्या, म्हणजे प्रयोग संपला तरी तारा राहणार. संस्कृतीने कडी परत बसवली. मग तिने सरांना स्कूटीवर मागे बसवून घरी आणलं. घरी आल्यावर तिने हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा रडून लाल झाला होता.

"बाबा, मला निकाल चांगला नको होता," ती म्हणाली. "खरा हवा होता. थराचा काही उपयोग नसता, तर मी तसं लिहिलं असतं. आता माझ्याकडे लिहायलाच काही नाही. मॅडमनी फक्त या आठवड्याची मुदत दिलीय. दुसरा पेशंट मिळाला तर ठीक."

सरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपण मुलीच्या पेपरात हात घातला, आणि तोही चुकीचं उत्तर लिहायला, हे त्यांना आता लख्ख कळत होतं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि सुभेदारांनी दाराबाहेरून हाक मारली तरी उठले नाहीत.

मग भरपाई म्हणून सर दात शोधायला निघाले. स्टाफरूममध्ये ते विनोद सांगू लागले. दहातोंडे सर विनोद सांगतात म्हणजे नक्की काहीतरी भयंकर घडलंय, असं समजून कुणी हसेना. मग त्यांनी सरळच "जरा हसता का" असं एकेकाला विचारलं. चित्रकलेच्या बाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पीटीच्या सरांचे दात झकास वाकडे निघाले, पण वय जास्त भरलं. बँकेत रोखपालाच्या खिडकीत डोकं घालून सर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, तर त्याने शिपायाला बोलावलं. सुभेदार म्हणाले, "सर, माझं घ्या." आणि त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. बनुबाईही पदर खोचून तयार झाल्या होत्या, पण त्यांच्या तोंडात कडी चिकटवायची तर आधी दात शोधावा लागला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात ते अशाच लोकांना.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी तिघं जेवायला बसले होते. खिचडी होती. संस्कृती मान खाली घालून चमचा फिरवत होती. सर कुणाकुणाचे दात राहिले ते आठवत होते.

"माझे बघ," आरतीबाई म्हणाल्या.

"काय?" संस्कृतीने विचारलं.

"दात. तुझ्या कामाचे असले तर बघ."

संस्कृतीने मोबाईलचा टॉर्च लावला. आरतीबाईंनी तोंड उघडलं. संस्कृती वाकली आणि वाकलेलीच राहिली. पुढचे दात एकमेकांवर चढलेले, सुळे बाहेर ढकललेले, हिरड्या निरोगी आणि वय पंचेचाळीस. पुस्तकातल्या चित्रासारखी केस होती. संस्कृती रोज सकाळी आईच्याच हातचा डबा घेऊन असली केस शोधायला कॉलेजला जात होती.

"आई, इतकी वर्षं मी लोकांचे दात बघतेय," ती कशीबशी म्हणाली, "आणि तू कधी सांगितलं नाहीस."

सरही उठून शेजारी येऊन उभे राहिले होते. लग्नातल्या फोटोपासून आजपर्यंत बायको ओठ मिटूनच हसते, हे त्यांना आत्ता दिसलं. आमची ही गंभीर स्वभावाची आहे, असं ते आजवर लोकांना मोठ्या कौतुकाने सांगत आले होते.

"पण तू नीट का नाही करून घेतलेस?" संस्कृतीने विचारलं. "लहानपणी नाही तर नाही, निदान नंतर तरी."

आरतीबाईंनी तोंड मिटलं आणि पदराने ओठ टिपले.

"कुणाच्या परीक्षेला लागले नव्हते," त्या म्हणाल्या आणि सरांच्या खिचडीवर तूप वाढायला वळल्या.